शेंदरी दारावरची आंबोशी

पहिले एक गोष्ट सांगून टाकते. मी गुडाखू घासत नाही. कधीच घासली नाही. माझ्या आईनं नाही, सासूनं नाही. गुडाखू म्हणजे तंबाखू अन् गुळाची ती काळी पेस्ट, आमच्या छत्तीसगडात कित्येक बाया सकाळी दाताले लावतात. लावोत बापड्या. पण माझ्या आजाराचा छडा लागायची सुरुवात मी गुडाखू घासते या आरोपानं झाली, आणि त्या दिवशी दवाखान्यात माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ते मी अजून माफ केलं नाही.

हे लिहून राहिली ते यासाठी की कोणाचं पोट असंच विनाकारण दुखत असेल, घरात जुना रंग पापड्या काढून राहिला असेल, आणि घर दुसऱ्याचं असेल, तर त्या बाईले माझ्याइतके दिवस हिंग चाटत बसायची पाळी येऊ नये. आणि यासाठीही की गोष्ट शेवटी चांगली झाली. आमच्या जिन्याखाली तिचा फळा लटकून आहे, कोणीही येऊन पाहू शकते.

लोखंडाचा रंग

आमी राहतो भिलाईले, सुपेला बाजाराच्या मागे, कापगतेकाकांच्या घरात खालच्या मजल्यावर. माझे मिस्टर प्रमोद इथल्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतात, पण ठेकेदाराकडून, म्हणून सेक्टरमधलं, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतलं क्वार्टर आमच्या नशिबात नाही. मी घरी फॉल-पिको करते. आमची पिहू तेव्हा चार वर्षांची होती, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारी, दिवसभर माझ्या मशीनखाली बसणारी.

कापगतेकाका वर राहतात, एकटे. काकू गेल्या, लेक सासरी बालाघाटले. मूळचे साकोलीकडचे. चाळीस वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली रंगारी होते. पूल, टाक्या, गर्डर, उंच उंच चिमण्या, साऱ्याले रंग मारला. रंगाबद्दल त्यांचा एकच सिद्धांत होता. "जो रंग लोखंडाले गंजू देत नाही, तो लाकडाले तर शंभर साल काही होऊ देत नाही." म्हणून घरातलं प्रत्येक दार, खिडकी, ग्रील, इतकंच काय देवळीसुद्धा, त्यांनी लोखंडाच्या शेंदरी प्रायमरनं रंगवली होती. वरून हिरवा हात. ठेकेदाराकडचे उरलेले डबे जिन्याखाली एकावर एक रचून ठेवले होते, आणि दर दिवाळीच्या आधी ते स्वतः ब्रश घेऊन खाली यायचे. आमचं काम फक्त जुना रंग पॉलिश पेपरनं घासून ठेवायचं. मी घासायची. धूळ उडायची, पिहू शिंकायची, आमी हसायचो.

आमाले तर वाटायचं भाग्य उघडलं. बाकीच्यांचे घरमालक चुना मारून देत नाहीत, आमचा मालक प्लांटच्या गर्डरसारखं घर चमकवून देते! आता हसू येते, पण लोखंडाच्या गावात लोखंडाच्या रंगावर कोण शंका घेईल, तुमीच सांगा.

आणि गच्चीवर ते दार होतं. मागच्या खोलीचं जुनं दार, बदललेलं. वरून हिरवा हात नव्हताच, नुसतं शेंदरी. चार विटांवर आडवं टाकलेलं. भिलाईचं ऊन तुमाले माहीत नसेल, मे महिन्यात त्या दारावर हात ठेवला तर भाजायचा. मी म्हटलं, बाई गं, वाळवणाले यापेक्षा चांगली जागा नाही. दोन उन्हाळे मी त्यावर आंबोशी घातली. कैरीच्या चिरा, मीठ-हळद लावून. कापड टाकलं तर चिरा कापडाले चिकटतात, म्हणून कापड नाहीच. उलट मी काय केलं, दाराच्या पापड्या सुरीनं नीट खरडून घेतल्या, पदरानं पुसलं, आणि मग चिरा मांडल्या. स्वच्छतेचा मोठा अभिमान होता मले!

ती आंबोशी बरणीत भरून मशीनजवळ ठेवायची. एक चीर गालात, एक पाय पायडलवर. पिहूले पण चटक लागली. एक डबा आईले आमगावले पाठवला. प्रमोदले आंबट चालत नाही, म्हणून तो वाचला.

बेंबी सरकली

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर माझं पोट दुखायले लागलं. साधं नाही, आतून कोणी ओलं धुणं पिळून राहिलं असं. येई, जाई, पुन्हा येई. शौचाले होईना. अंगात ताकद नाही, डोकं भणभण, तोंडात तांब्याच्या भांड्यासारखी चव. सुईत दोरा ओवायचा तर तीन-तीनदा थुंकी लावावी लागे. गिऱ्हाईकं म्हणायची, "वैशाली, तू पांढरी पडून राहिली."

सारे उपाय झाले. हिंग, ओवा, गॅसच्या गोळ्या. शेजारच्या बाईनं सांगितलं बेंबी सरकली, मग सुपेल्याच्या एका म्हातारीनं पोट चोळून ती जागेवर बसवली. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा सरकली. सोनोग्राफी झाली, त्यात काही नाही. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. माझा स्वभाव तसाही तिखट, त्यात हे. प्रमोदवर ओरडायची, पिहूवर ओरडायची, मशीनवर सुद्धा.

शेवटी पावसाळ्यात एका दुपारी मी मशीनवरच आडवी झाली. प्रमोदनं ऑटो केली आणि मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर मॅडम केरळच्या, वयानं माझ्यापेक्षा लहान, हिंदी एकदम बातम्यांसारखी. त्यांनी पोट दाबलं, डोळे पाहिले, मग माझा खालचा ओठ बोटानं ओढून हिरड्यांवर टॉर्च मारला. हिरडीच्या कडेले एक बारीक निळी-काळी रेघ होती. मले तर माहीतही नव्हती.

"गुड़ाखू करती हैं?"

"नाही!"

"कब से करती हैं?"

"मॅडम, मैं करती ही नहीं!"

तेव्हा प्रमोदनं ती नजर टाकली. म्हणतो काय, "वैशू, सांगून दे ना. डॉक्टरपासून काय लपवतं."

मी त्याले काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाजूच्या खाटेवरची बाई पोट धरून हसली, तिचं तर ऑपरेशन झालेलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एकामागून एक विचारलं. बॅटरीचं काम? नाही. जडीबुटीची भस्मं? नाही. घर किती जुनं? दाराले रंग कोणता? मी म्हटलं, "शेंदरी. लोखंडवाला." मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी रक्त काढून बाहेरच्या शहरात पाठवायले सांगितलं.

तो आकडा

चार दिवसांनी रिपोर्ट आला. लेड. शिसं. मी म्हटलं, पेन्सिलीतलं? मॅडम म्हणाल्या ते नाही, हे वेगळं, जड धातू. जुन्या रंगात, विशेषतः लोखंडाच्या शेंदरी रंगात, ते ठासून भरलेलं असते. माझा आकडा अठ्ठावन्न. किती पाहिजे? जितका लहान तितका चांगला, शून्य असला तर सगळ्यात चांगला.

मी आंबोशीची सारी हकीकत सांगितली. दार, ऊन, कैरी, मीठ, सुरी. मॅडम ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे मोठे होत चालले होते. "आपने पेंट को खुरचकर, उसके ऊपर खट्टा और नमक रखकर, धूप में छोड़ा?"

"दोन साल," मी म्हटलं.

आणि मग त्यांनी विचारलं, "घर में बच्चा है?"

इथंवर मी हसून सांगितलं, पण त्या प्रश्नानं माझं हसू संपलं. मशीनखाली बसलेली माझी पोट्टी माझ्या डोळ्यापुढे आली, एका हातात आंबोशीची चीर, दुसरा हात खिडकीच्या पापड्या उकलून राहिलेला.

पिहूचा आकडा एकतीस निघाला.

मॅडमनं काही लपवलं नाही, आणि मी त्यांचे उपकार मानते. म्हणाल्या, लेकराच्या डोक्यावर याचा परिणाम होतो. आज ती हसते-खेळते, उद्या शाळेत अक्षर धरायले त्रास होऊ शकते. पण वय लहान आहे, आकडा खाली आणता येते. एकतीसवर तिले औषध नको, दूध, लोह, आणि विष बंद. पहिले दहाच्या खाली आणू, मग पुढचं पाहू. अट एकच. जोपर्यंत तो रंग निघत नाही, तोपर्यंत पोरीले त्या घरात न्यायचं नाही. "नहीं तो नंबर फिर चढ़ेगा."

त्या दिवसापासून माझ्या जिवाले एकच घोर लागला. एकतीसचे दहा कसे होतील.

आईले आमगावले फोन करून म्हटलं, आंबोशी फेक. तर म्हणते, "फेकू? अवं, इतकी मस्त आंबट होती! थोडीशी उरली आहे." मी फोनवर किंचाळली. तिची तपासणी केली, तिचा आकडा थोडाच होता. बरणी जपून जपून खाल्ली म्हणून वाचली माय माझी. कंजूसपणाचा फायदा पहिल्यांदा पाहिला.

वॉर्डातले अकरा दिवस

मले भरती केलं. शिसं उतरवायच्या गोळ्या इथं मिळेनात, नागपूरहून आणवाव्या लागल्या. वास असा की सडलं अंडं बरं. गोळी घेतली की घामाले, लघवीले, सगळ्याले तोच वास. सिस्टर खिडकी उघडूनच माझ्या खाटेजवळ यायची.

रोज सकाळी वजन, सुई, पातळ चहा. आयाबाई छत्तीसगढी होती. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून रडून राहिली होती तर जवळ येऊन म्हणे, "झन रो नोनी," म्हणजे रडू नको पोरी, आणि तिनं माझे केस विंचरून घट्ट वेणी घालून दिली. औषधानं जे काम चौथ्या दिवशी केलं ते त्या वेणीनं पहिल्याच दिवशी केलं.

प्रमोद आणि पिहू प्रमोदच्या एका दोस्ताच्या क्वार्टरमध्ये राहायले गेले, सेक्टरमध्ये. माझं अन् प्रमोदचं मात्र रोज भांडण. तो म्हणे, "कापड टाकलं असतं तर?" मी म्हणे, "तुमी कधी दिवाळीले एक खिडकी तरी घासली का, मले विचारायले आले!" तो म्हणे, पोरीले तूच चटक लावली. हे लागलं मले. कारण खरं होतं. मी दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तो पिहूले घेऊन आला. तिच्या डोक्यावर दोन वेण्या, एक कानाच्या वर, एक मानेच्या मागे, रिबीन अशी गुंडाळलेली की क्रेनचा दोर. मोबाईलवर पाहून पाहून त्यानं घातल्या होत्या. पिहू म्हणे, "मम्मी, पापाने दो घंटे लगाए!" सिव्हिक सेंटरच्या बाजारातून इडली आणली होती, ती त्यानं डब्याच्या झाकणात काढली, आणि खाली मान घालून म्हणतो, "मी पण पाहायले पाहिजे होतं, वैशू. घर माझं पण आहे." मी इडली खाल्ली. पोट दुखायचं थांबलं नव्हतं, पण खाल्ली.

मग ठरवायची गोष्ट आली. प्रमोद म्हणे चूपचाप दुसरं घर पाहू. मी म्हटलं, पाहू. पण आपण गेलो की त्या खोलीत दुसरं कोणी येईन, त्याचं लेकरू खिडकीच्या पापड्या उकलन. आणि दुसऱ्या घराच्या दाराले काय लावलं ते आपल्याले कोण सांगन? रंग कापगतेकाकांनी लावला, रंग त्यांनी काढला पाहिजे. प्रमोद म्हणाला, "म्हातारा ऐकणार नाही." म्हातारा खरंच ऐकणारा नव्हता.

काकांची पैज

कापगतेकाका सातव्या दिवशी मोसंबी घेऊन आले. पिशवी डाव्या हातात. त्यांचा उजवा हात दोन-तीन वर्षांपासून मनगटातून लटकायचा, कप धरता येत नव्हता. मागच्या दिवाळीले ब्रश दोनदा खाली पडला होता. विचारलं की म्हणायचे, "म्हातारपण आहे बाई. हाताले पण रिटायर व्हायचं असते."

मी रिपोर्ट दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली, परत दिला.

"रंगानं काही होत नाही. तुमचं आजकालचं खाणंच खराब."

"काका, डॉक्टर सांगून राहिली."

"डॉक्टरनं कधी ब्रश धरला का? मी चाळीस साल हाच रंग हातानं कालवला. दाढीत, कानात, भाकरीत गेला. मी मेलो का? आणि माझ्या दारावर कैरी वाळवायले तुले मी सांगतलं होतं?"

"नाही सांगतलं," मी म्हटलं. "ती चूक माझी. पण काका, मी आंबोशी खाल्ली, रंग नव्हती खाऊन राहिली. घर भाड्यानं द्यायचं, त्या घरात लेकरू राहणार, तर दाराले काय लावलं हे माहीत असायचं काम कोणाचं? माझं का तुमचं?"

बाजूची ऑपरेशनवाली उठून बसली.

काका लाल झाले. "कावून मागे लागली वं? माझ्या घरात विष आहे म्हणतं! चाळीस सालची माझी कमाई ते घर!"

आणि तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मग रक्त द्या. तुमच्यात नाही निघालं तर मी साऱ्या मोहल्ल्यासमोर तुमची माफी मागते आणि घर सोडते."

"देतो ना! भितो का?" काकांनी डावी बाही वर केली. "आणि निघालं तर पूर्ण घराचा रंग सोलून देतो. माझ्याच पदरच्या पैशानं. लावली पैज!"

मॅडम राउंडवर आल्या तेव्हा हे चालू होतं. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. काकांना म्हणाल्या, "अंकल, मकान किराये पर दिया है तो दरवाज़े भी आपकी ज़िम्मेदारी हैं।" काका म्हणाले, "पहिले सुई मारा, मग भाषण." मॅडमनं सुई मारली. आणि जाता जाता त्यांचा लटकता हात उचलून पाहिला, मनगट वर करायले सांगितलं. काकांनी जोर लावला. हात वर आला नाही. मॅडमनं कागदावर काही लिहिलं.

मले चार दिवस झोप नीट लागली नाही. पैज लावून बसली, पण त्यांच्यात नसतंच निघालं तर? घर गेलं असतं, आणि रंग तिथंच राहिला असता. आणि निघालं तर? त्या म्हाताऱ्याचं वाईट व्हावं असं कोणत्या तोंडानं मागू? मी देवाले काय सांगावं ते समजेना, म्हणून मी फक्त पिहूचं नाव घेतलं.

दवाखान्यातून माझ्या सुट्टीच्या दिवशी रिपोर्ट आला. काका कोरा शर्ट घालून आले होते, जिंकायच्या तयारीनं. मॅडमनं कागद पुढे केला. सत्तर.

काका खुर्चीत बसले. मी म्हटलं, काका, पाणी देऊ का. त्यांनी मॅडमकडे पाहून विचारलं, "म्हणजे हा हात... हे रंगानं?"

"बहुत मुमकिन है। और पेट दर्द, कमज़ोरी भी।"

"म्हातारपणानं नाही?"

"सिर्फ़ बुढ़ापे से नहीं।"

आणि कापगतेकाका जे हसले! डावा हात मांडीवर मारून मारून हसले. "अवं वैशाली! मी म्हातारा नाही झालो वं! तीन साल झाले, मी तयारी करून बसलो होतो, बँकेचे कागद लेकीले देऊन ठेवले! मी म्हातारा नाही, मी रंगलेला आहो!" सारा वॉर्ड हसायले लागला, आयाबाई सुद्धा. मग हसता हसताच त्यांचे डोळे भरले. पुसायले उजवा हात उचलत होते, तो उचलला गेला नाही, म्हणून मी माझ्या पदरानं पुसले. मग हळू आवाजात म्हणाले, "पोट्टीचा किती आहे?"

"एकतीस."

"सोलतो," ते म्हणाले. "एक एक खिडकी सोलतो."

शटडाऊन

प्लांटमध्ये मोठी दुरुस्ती निघाली की शटडाऊन घेतात. काकांनी घराचा शटडाऊन घेतला. गेटवर पुठ्ठा लावला, "शटडाऊन चालू. लहान मुलं व दोन जीवाच्या बायांनी आत येऊ नये." दोन माणसं लावली. मॅडमनं सांगितलेले नियम पाठ करून घेतले. सुकं घासायचं नाही, पाणी मारून ओलंच खरडायचं. खाली प्लास्टिक, तोंडाले मास्क, झाडू नाही, ओल्या फडक्यानं पुसणं. निघालेला रंग जाळायचा नाही, पिशव्यांत बंद करायचा.

काकांना मात्र मॅडमनं घरात पाय ठेवायची मनाई केली होती. त्यांच्याही त्या सडक्या वासाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. चाळीस वर्षांचा रंगारी, आणि स्वतःच्या घराचा रंग निघताना हात लावायचा नाही! रात्री ते आमच्यासारखेच सेक्टरमध्ये झोपायचे, अन् दिवसभर रस्त्याच्या पलीकडे पानठेल्याजवळ खुर्ची टाकून बसायचे, मास्क लावून, आणि तिथून ओरडायचे. वीस दिवस. "अबे, ओला कर! ओला कर बे! चौकट राहिली! देवळी पाहा!" माणसं म्हणायची, अंकल, घरी जा. काका म्हणायचे, "हेच तर घर आहे, जाऊ कुठं?"

गच्चीवरचं ते शेंदरी दार खाली उतरवलं तेव्हा मी पण गेली होती पाहायले, रस्त्याच्या पलीकडे. प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोघांनी आणलं. जिन्याखालचे डबेही गेले. काका उभे राहिले. मले वाटलं आता रडतील. म्हणाले, "लय सुंदर हात मारला होता त्यावर. पाह्य, एक ओघळ नाही." मी म्हटलं, खरंच नाही काका.

मग नवा रंग आला. डब्यावर शिसं नाही असं लिहिलेलं आहे का, ते काका दुकानात भिंग घेऊन वाचत होते. दुकानदार कंटाळला. आणि त्याच दिवशी त्यांनी नवा करारनामा आणला. त्यात टाईप करणाऱ्याकडून नाही, स्वतः डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात एक ओळ जास्तीची लिहिली होती. "घराच्या रंगाची जबाबदारी मालकाची राहील." प्रमोदनं ती ओळ वाचली आणि काकांच्या पाया पडला. काका म्हणे, "पाय नको पडू, दिवाळीले खिडक्या पुस. ओल्या फडक्यानं."

फळा

प्लांटच्या प्रत्येक विभागात गेटजवळ एक फळा असतो, अपघाताशिवाय किती दिवस गेले त्याचा. आमी घरी परतल्यावर काकांनी तसाच फळा जिन्याखाली लावला, जिथं ते डबे होते तिथंच. वर तीन नावं. कापगते, वैशाली, पिहू. खाली आकडे. दर तपासणीनंतर काका माझ्या मागे उभे राहायचे आणि मी खडूनं लिहायची. त्यांच्या हातात खडू धरला जात नव्हता.

पिहूचा एकतीसचा चोवीस झाला. मग एकोणीस. मग एकदा एकोणीसचा एकोणीसच राहिला. त्या दिवशी घरात कोणी नीट जेवलं नाही. काका भिंग घेऊन सारं घर फिरले, आणि त्यांनी शोधून काढलं, पिहूचा लाकडी पाट! त्यालेही त्यांनीच कधी प्रेमानं शेंदरी हात मारला होता. त्यांनी तो पाट स्वतः पिशवीत बंद केला आणि दोन दिवस मले तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी नवा पाट आला, कोरा, बिनरंगाचा.

या काळात मी काय शिकली ते सांगते. लेकराचे हात जेवायच्या आधी धुवायचे, दरवेळी, कंटाळा न करता. पापड्या निघून राहिल्या तर घासायच्या नाहीत, मालकाले बोलवायचं. मालक नाही म्हणाला तर तक्रार लिहून द्यायची, आणि घाबरायचं नाही. आणि कैरी कापडावरच वाळवायची, चिकटली तर चिकटली.

आता पुन्हा मे आहे. काल सकाळी पिहूचा नवा रिपोर्ट आला. मी खाली आली तर काका फळ्यासमोर उभे. हाताचा व्यायाम ते रोज करतात, रबराचा चेंडू दाबत बसतात, पण इतक्या महिन्यांत त्यांनी कप तेवढा धरला होता. मी खडू उचलला. काका म्हणाले, "दे इकडे."

त्याच वेळी मागची रिकामी खोली भाड्यानं पाहायले एक नवीन जोडपं आलं होतं, रेल्वेवाले, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. काका त्यांना म्हणाले, "थांबा. पहिले हे पाहा, मग खोली." आणि त्यांनी उजव्या हातात खडू धरला. मनगटाले डाव्या हातानं आधार दिला, मग डावा हात सोडला. पिहू माझा पदर धरून उभी होती. काकांनी पिहूच्या नावाखाली एक आकडा काढला, वाकडा, पोट फुगलेला, शेपटी लांब गेलेली. नऊ.

पिहू म्हणाली, "आबाजी, कितना गंदा लिखा!"

"हो," काका म्हणाले, "आता तू शिकव."

त्या नवीन बाईनं विचारलं, हे आकडे कशाचे. काकांनी तिच्या बाळाकडे पाहिलं आणि पहिल्यापासून सारं सांगायले सुरुवात केली, स्वतःच्या नावापासून. मी गच्चीवर गेली. पांढरं धोतर अंथरून कैऱ्या मांडल्या. खाली काकांचा आवाज येऊन राहिला होता आणि त्या बाईचा, "अच्छा, फिर?"